समुद्रसपाटीवरचे डोंगरवेडे

समुद्रकाठच्या सपाट मुलखात चढ भेटतो तो तीनच ठिकाणी: उड्डाणपूल, जिना आणि पार्किंगचा रॅम्प. अशा जागी राहून डोंगर चढायचं वेड लागलं, की माणूस चालतो कमी आणि नकाशे चाळतो जास्त. डोंगराच्या कुशीत राहणारे सकाळी खिडकी उघडून ‘आज तिकडे जाऊ’ म्हणतात आणि जातात. आम्हाला मोहीम आखावी लागते, आणि तीही बहुतेक वेळा डोंगरापेक्षा परतीच्या गाडीविरुद्धच असते.

पहिली गैरसमजूत अशी, की दिसत नाही म्हणजे डोंगर फारच लांब असणार. गणित वेगळं सांगतं. डोंगराच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्याला 3.57 नं गुणायचं. तेवढ्या किलोमीटरवरून त्याचा माथा समुद्राच्या पातळीवरून दिसायला हवा. म्हणजे 1000 मीटरचा डोंगर साधारण 113 किलोमीटरवरून आणि 2000 मीटरचा 160 किलोमीटरवरून. प्रत्यक्षात दिसत नाही, त्यात अनेकदा पृथ्वीच्या गोलाईपेक्षा किनाऱ्यावरच्या दमट, धुरकट हवेचा दोष जास्त असतो. पाऊस थांबून वारा सुटलेल्या पहाटे गच्चीवर जावं आणि डोंगर ज्या बाजूला असायला हवेत तिकडे बघत राहावं. तळाशी निळसर किनार दिसली तर अर्धा तास थांबायचं. आकार बदलला तर ढग. तोच राहिला तर सॅक माळ्यावरून खाली काढायला हरकत नाही.

नकाशावर नवखा माणूस शिखरांची नावं शोधतो. नावं सोडा, रेषांची गर्दी शोधा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना खेटून उभ्या असतात, तिथे चढ. पण दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक धरलाय हे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. 10 मीटरच्या नकाशावर जी गर्दी छातीत धडकी भरवते, तीच 40 मीटरच्या नकाशावर चौपट विरळ होऊन सभ्य दिसते. डोंगर तेवढाच असभ्य राहतो.

रेषांचा नकाशा हाताशी नसेल तरी डोंगर लपत नाही. रेल्वेच्या नकाशावर लागोपाठ बोगदे कुठे आहेत ते बघा. रस्ता सरळ येता येता अचानक नागमोडी कुठे होतो ते बघा. रस्ते बांधणाऱ्यांना वळणांची हौस नसते. पावसाच्या नकाशावरचा सगळ्यात गडद पट्टा हीही चांगली खूण. समुद्रावरची वाफ डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि तिथेच कोसळते. पठाराची समुद्राकडची कड तर आम्हा किनारेकरांसाठी सोन्याची खाण. माथा फार उंच नसतो, पण पायथा जवळजवळ समुद्रपातळीला असतो, त्यामुळे चढ अगदी पैसावसूल.

हा पायथ्याचा मुद्दा गळी उतरेपर्यंत बऱ्याच सुट्या वाया जातात. ‘उंची 1650 मीटर’ वाचून अंगावर काटा येतो, रात्रभर प्रवास होतो आणि पोचल्यावर कळतं की गाडी 1500 मीटरपर्यंत जाते. उरलेल्या दीडशे मीटरला पायऱ्या, कठडे आणि फोटो काढणाऱ्यांची रांग. उलट 740 मीटरचा एखादा डोंगर असतो, ज्याचं नाव कोणी कौतुकानं घेत नाही, पण पायथा 40 मीटरवर असतो. त्याच्या निम्म्यावर येईपर्यंत या आणि मागच्या जन्मीची पापं आठवून झालेली असतात.

म्हणून मी एक भागाकार वापरतो. पायथ्यापासूनची एकूण चढाई मीटरमध्ये, भागिले एका बाजूच्या प्रवासाचे तास. आठ तास जाऊन 1200 मीटर मिळत असतील तर उत्तर 150, जावं. पाच तास जाऊन 300 मिळत असतील तर 60, त्यापेक्षा उड्डाणपूल बरा. शंभराच्या खालचा डोंगर मी फक्त मुक्कामाची सोय असेल तरच विचारात घेतो. सोबत्यांना हे सूत्र सांगू नये. ते ‘पण तिथून सूर्यास्त छान दिसतो’ म्हणतात, आणि सूर्यास्ताचा भागाकार होत नाही.

एकूण चढाई म्हणजे माथा वजा पायथा एवढंच नव्हे. वाटेत खिंडीत 150 मीटर उतरावं लागलं तर ते पुन्हा चढावे लागतात, आणि परतताना खिंडीतून वर येण्याचे दीडशे वेगळेच. हा आकडा घड्याळावरून घ्याल तर सावध. केवळ उपग्रहांवर विसंबणारी घड्याळं उंचीच्या बाबतीत डळमळतात; प्रत्येक डळमळीची बेरीज होत जाते आणि सपाट वाळूत फेरफटका मारला तरी तुम्ही चांगला टेकडीभर चढ चढल्याचं प्रशस्तिपत्र मिळतं. हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक जास्त शहाणं, पण दाब एक हेक्टोपास्कलनं बदलला की ते सुमारे आठ मीटर चुकतं. रात्रीत हवा पालटली तर तंबूत झोपल्या झोपल्या पंचवीस मीटर चढल्याचं श्रेय पदरात पडतं. ते माहीत असलेल्या उंचीवर लावून घ्यावं लागतं. इथे मात्र किनारेकराची बाजू वरचढ आहे: भरतीच्या रेषेवर उभं राहिलं की आपली उंची किती, हे कोणाला विचारावं लागत नाही. पायथ्याच्या पाटीपाशी पुन्हा एकदा लावायचं, म्हणजे झालं.

मग वेळेचं गणित. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली घालून दिलेला हिशोब अजून चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तीव्र उतार असेल तर दर 300 मीटर उतरणीला 10 मिनिटं वाढवायची, ही नंतरची एरिक लँगम्यूर यांची दुरुस्ती. समजा जाऊन येऊन 12 किलोमीटर आणि 900 मीटर चढ. चालण्याचे 2 तास 24 मिनिटं, चढाचा दीड तास, उतरणीचा अर्धा. झाले 4 तास 24 मिनिटं. हे न थांबणाऱ्या, सरावलेल्या माणसाचे. आमच्यासाठी याची दीडपट करायची, म्हणजे साडेसहा तासांच्या पुढे. त्या दीडपटीत पाणी पिणं, बुटातला खडा काढणं आणि ‘मी फक्त दृश्य बघायला थांबलोय’ असं धापा टाकत सांगणं एवढंच बसतं. जेवायला वेगळा वेळ धरा.

हा आकडा हाती आला की आखणी उलट्या टोकानं करायची. आधी पायथ्याच्या गावातून परतीची शेवटची गाडी किती वाजता, मग त्यातून उतरणीचा वेळ वजा, मग एक तास राखीव. जे उरतं ती मागे फिरायची वेळ. माथा दहा मिनिटांवर असला तरी त्या वेळेला वळायचं. ‘दहा मिनिटं’ हे डोंगरातलं मोजमाप नाही, ती विनवणी असते. शिवाय अंधार. सपाटीवर सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत उजेड पुरतो, म्हणून आम्ही पंचांगातली सूर्यास्ताची वेळ धरून चालतो. दरीत सूर्य समोरच्या धारेआड तास-दीड तास आधीच जातो आणि झाडीत तर त्याहून लवकर अंधारतं. हेडटॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात हवी. स्वतःची गाडी असेल तर परतीला चालवणारा कोण, हे जाताना ठरवा; दिवसभर उतरून थरथरणारे पाय क्लचवर ठेवून रात्रभर गाडी हाकणं हा डोंगरापेक्षा मोठा धोका.

आता पाय. सपाटीवर कितीही चाला, चढाचा सराव होत नाही. मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, पोटऱ्या आणि घोटे तयार होतात. पण मांड्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. शेवटी जिना. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे दहा मजले चढले की 30 मीटर. 600 मीटरसाठी वीस फेऱ्या, सुमारे साडेतीन हजार पायऱ्या. सहा आठवडे आधी, आठवड्यातून दोनदा, पाच फेऱ्यांपासून सुरुवात करायची. पाठीवर सॅक, सॅकेत पाण्याच्या बाटल्या. दर आठवड्याला एक-दोन लिटर वाढवायचे. आठव्या मजल्यावरचे शेजारी विचारतात, ‘लिफ्ट बंद आहे का?’ बंद आहे म्हणून सांगावं, नाहीतर ते काळजीनं घरी येतात. ट्रेडमिलवर 15 टक्के चढ लावून ताशी 4 किलोमीटरनं चाललं तर तासात जवळपास 600 मीटर होतात, अर्थात पुढची दांडी न धरता. दांडी धरली की निम्मा डोंगर यंत्रच चढतं.

यात हमखास होणारी गफलत म्हणजे जिना चढायचा आणि गुडघे वाचवायला लिफ्टनं उतरायचं. चढताना दम लागतो खरा, पण पायांची वाट लागते ती उतरताना. उतरणीवर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलून धरतो, ब्रेकचं काम करतो, आणि त्यातच त्याचे तंतू दुखावतात. त्याला याची सवय नसेल तर शेवटच्या दोन किलोमीटरला पाय आपले राहत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात एक-दोनच फेऱ्या पायी उतरा, मग वाढवा. पाण्याचं ओझं मात्र वर गच्चीतल्या कुंड्यांना घालून रिकाम्या सॅकनं उतरलेलं बरं. सहा आठवड्यांत कुंड्यांची तब्येत आपल्याहून सुधारते.

बुटांचं प्रकरण जास्त दगाबाज. आमचे बूट वर्षातून थोडेच दिवस डोंगर बघतात, म्हणून ते नवेकोरे दिसतात. पुष्कळ ट्रेकिंग बुटांत तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट, उष्ण हवेत पाण्याची वाफ त्या रसायनाची साखळीच तोडत जाते. वापर नसला तर उलट लवकर. वरून काही कळत नाही. मग पाच-सहा वर्षांचा, पट्टे कडक, नाड्या चकचकीत असा बूट कातळावर जोर देताच जुन्या खोडरबरासारखा भुगा होतो आणि तळवा तोंड वासून लोंबकळतो. निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, पंधरा दिवस आधी तपासणी करायची: बूट वाकवायचा, मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबायचं. बारीक भेगा पडल्या, भुकटी सुटली किंवा चिकट लागलं, तर त्याला घरीच नारळ द्यायचा. पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट कोंडू नयेत; हवेशीर कोरड्या जागी ठेवावेत आणि महिन्यातून एकदा घालून बाजारात जावं. लोक बघतात. बघू द्या. तरीही सॅकेत चिकटपट्टी आणि दोन मीटर दोरी असू द्यावी, तळवा बांधून पायथ्यापर्यंत येता येतं.

हीच दमट हवा सॅक आणि तंबूच्या आतल्या थराला चिकट करते आणि त्याला आंबूस वास आणते. खाऱ्या वाऱ्यानं धातूच्या चेन जाम होतात, टॉर्चच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशीवजा पूड चढते. सेल बाहेर काढून ठेवावेत.

थंडीचं थोडक्यात: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. घामेजल्या 30 अंशांतून निघालेला माणूस 2000 मीटरवर 17 अंशांत, वाऱ्यात, भिजलेल्या सुती शर्टात उभा असतो आणि ‘थंडी एवढी नाही’ म्हणत दात वाजवतो. सुती कपडे घरी ठेवा. साधारण 2500 मीटरच्या वर जायचं असेल तर रातोरात जाऊन दुसऱ्या सकाळी चढायला लागू नये. 3000 मीटरवर हवेचा दाब किनाऱ्याच्या सुमारे 70 टक्केच असतो, आणि त्याच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरहून जास्त वाढवू नये. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जाणं थांबवायचं. तोल जाऊ लागला, बोलणं भरकटलं तर तत्काळ खाली. इथे विनोद नाही.

उतरण सुरू होण्याआधी पाच मिनिटं खर्चावीत. बसा, नाड्या पूर्ण सैल करा, टाच मागे ठोकून बसवा. मग बोटांपाशी सैल, घोट्याच्या वळणावर नाडीला दोन पीळ देऊन गच्च, आणि वर पुन्हा बेताची. असं केलं की पाय पुढे घसरत नाही आणि अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत. नखं घरूनच कापून यायची. काठ्या दोन घ्या. चढताना कोपर काटकोनात येईल एवढ्या, उतरताना पाच ते दहा सेंटिमीटर लांब. मुरमाड घसाऱ्यावर मागे रेलू नये, पाय नेमका तेव्हाच सटकतो. गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाकायची. काठ्या फक्त फोटोपुरत्या वापरणारे बहुधा इथेच बसून उतरतात.

दुखणं लगेच कळत नाही, ही त्यातली खोच. परतीच्या गाडीत आपण वीर असतो. मांड्या बोलायला लागतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा ऑफिसचा जिना उलट्या पावलांनी, कठडा धरून उतरावा लागतो. पण एकदा असे दुखावलेले स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच उतरणीला बरेच कमी दुखतात. हे संरक्षण कायमचं नाही, हळूहळू विरतं. दोन-तीन महिने मध्ये गेले की पुन्हा पहिल्यापासून बोंब. त्यामुळे तज्ज्ञ डोंगरवेडे घरच्यांना सरळ सांगतात, की पुढचा डोंगर महिन्याभरात झाला नाही तर या वेळचं सगळं दुखणं फुकट जाईल. घरचे विचारतात, मग न जाणंच बरं नाही का? त्याला उत्तर नाही. तेव्हा पावसाचा नकाशा उघडून गडद पट्टे बघायला बसावं.