सहन करून हे दुखणं जात नाही

गेले काही महिने बायकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. बचत गटाच्या ग्रुपवर, वाडीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर, माहेरच्या आणि सासरच्याही. ‘एका अनुभवी ताईंचा सल्ला’ असं वर लिहिलेलं असतं. आशय थोडक्यात असा: नवराबायकोच्या शारीरिक संबंधात बाईला दुखणं हा निसर्गाचा भाग आहे, सवय झाली की थांबतं. तरीही दुखत असेल तर तिचं मन संसारात नाही, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तर नक्कीच मनाचे खेळ. एक मूल झालं की सगळं मोकळं होतं, तोवर खोबरेल तेल लावावं. पाळी गेल्यावर हा विषय संपवावा, फारच त्रास असेल तर पिशवी काढून टाकावी. आणि काही झालं तरी नवऱ्याला नाही म्हणू नये.

मी सिंधुदुर्गात नर्स आहे. नोकरीचा बराच काळ बायकांच्या ओपीडीत गेला. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या बायकांवर माझा राग नाही, त्यांनाही त्यांच्या वेळी कुणीतरी हेच सांगितलं होतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य बाईला एकच गोष्ट करायला लावतं: थांब आणि सोस. आणि या दुखण्यात नेमकं तेच नडतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सवय झाली की थांबतं.’ सुरुवातीच्या काही वेळा ताणल्यासारखं, टोचल्यासारखं वाटू शकतं, हे खरं. भीती असते, घाई असते, अंग तयार व्हायच्या आत सगळं उरकलेलं असतं. पण त्यापुढचं खरं नाही. पडदा फाटतो म्हणून दुखायलाच हवं, रक्त यायलाच हवं, यालाही आधार नाही. तो योनीच्या तोंडाशी असलेला लवचीक पातळ पापुद्रा असतो, बंद दार नव्हे, आणि कितीतरी जणींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. काही महिने उलटले तरी दर वेळी दुखत असेल, तर ती सवय व्हायची राहिलेली नसते. कारण शोधायचं राहिलेलं असतं.

उलट शरीराला सवय होते ती दुखण्याची. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर असतो, लघवी-संडास रोखून धरतो तोच. डोळ्याकडे काही आलं की पापणी जशी आपण न सांगता मिटते, तसा हा थर दुखण्याच्या नुसत्या धास्तीने आवळतो. आवळला की जागा अरुंद होते, आत शिरताना जास्त दुखतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी लवकर आवळतो. तपासणीच्या टेबलावर हे डोळ्यांनी दिसतं. नवीन लग्न झालेली मुलगी झोपते, गुडघे एकमेकांना घट्ट चिकटतात, कंबर टेबलावरून वर उचलली जाते, अंगठे मुठीत जातात. डॉक्टरीणबाईंचा हात अजून लागलेलाही नसतो. ‘सैल सोड गो’ म्हणून ती सैल सोडू शकत नाही, कारण आवळणं तिच्या हातात नाही. तिला हट्टी, नखरेल म्हणणारी सासू बाहेर बाकावर बसलेली असते.

याला व्हजायनिस्मस म्हणतात, आणि यावर चांगला इलाज आहे. पहिली गोष्ट म्हणजे उपचार चालू असेपर्यंत जबरदस्तीने प्रयत्न करणं पूर्ण बंद. मग आपल्या शरीराची रचना समजून घेणं, आरसा धरून बघणं, पोटातून श्वास घेत तळाचे स्नायू आवळणं आणि मुख्य म्हणजे सोडणं शिकणं. नंतर स्वतःचं बोट, आणि पुढे वाढत्या मापाचे गुळगुळीत डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या कांड्या, भरपूर जेली लावून. हे सगळं बाई स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने करते. त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नको, नवऱ्याचाही नको, जोवर ती स्वतः सांगत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचं शिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट मिळाली तर काम सोपं होतं. आठवड्यांचं, काही जणींना महिन्यांचं काम आहे, पण मेहनत फुकट जात नाही.

‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे मनाचं.’ मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण शिकलेली माणसंही हेच बोलतात. सोनोग्राफीत पिशवी दिसते, बीजकोश दिसतात, गाठ असेल तर दिसते. आवळलेला स्नायू साध्या सोनोग्राफीत कळत नाही. योनीच्या तोंडाशी हुळहुळी झालेली नस दिसत नाही. एंडोमेट्रिओसिससुद्धा, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं तो आजार, बऱ्याचदा सोनोग्राफीतून निसटतो. जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायकांना तो असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात.

म्हणून पहिला प्रश्न मशीनला नाही, बाईला विचारायचा असतो: नेमकं कुठं दुखतं? तोंडाशी, की आत खोल? तोंडाशी आग होत असेल तर एक साधी तपासणी आहे. कापसाची काडी घेऊन योनीच्या तोंडाभोवती एकेका ठिकाणी हलकेच टेकवतात. एके ठिकाणी काही नाही, दुसऱ्या ठिकाणी काही नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी बाईच्या तोंडून ‘आई गं’ निघतं, पायाची बोटं आखडतात. बिंदूएवढी जागा असते. ‘हीच, हीच ती जागा’ म्हणताना काही जणी रडतात. दुखण्याने नाही. आपण खोटं बोलत नव्हतो, हे पहिल्यांदा कुणीतरी बघितलेलं असतं म्हणून. त्यावर लावायची औषधं आहेत, नसांचं दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, फिजिओथेरपी आहे.

तोंडाशी दुखण्याची दुसरीही कारणं आहेत. बुरशीचा संसर्ग, त्यात शुगर असलेल्या बायकांना तो पुन्हा पुन्हा होतो. न तपासता दर वेळी मेडिकलमधून तीच क्रीम आणणं यावर उत्तर नाही, शुगर तपासायला हवी. सतत खाज आणि कातडी पांढरट, पातळ होत गेलेली असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असू शकतो, त्याला वेगळं मलम लागतं आणि नियमित तपासणीही. खोल दुखत असेल, पाळीच्या आधी वाढत असेल, पाळीत संडासला बसतानाही कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायचा. खोल दुखण्यासोबत ताप आणि वास येणारा स्राव असेल तर पिशवी-नळ्यांचा संसर्ग, आणि तो अंगावर काढला तर नळ्या बंद होऊन पुढे मूल राहायला अडचण होऊ शकते.

मनाचा भाग नसतोच, असं माझं म्हणणं नाही. लहानपणी कुणी हात लावलेला असतो, घरात मारहाण असते, पुन्हा दिवस राहतील ही भीती असते. यानेही स्नायू आवळतात आणि दुखतं. पण ते दुखणं खरंच असतं. समुपदेशन हा त्यावरचा उपचार आहे, बाईला गप्प करण्याचं निमित्त नाही.

‘मूल झालं की मोकळं होतं.’ बाळंतपणानंतर दुखणं नव्याने सुरू झालेल्या बायका आमच्याकडे कायम येतात. टाके घातलेल्या जागी वण कडक होतो. अंगावर पाजत असेपर्यंत इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक (हार्मोन) कमी असतं, त्यामुळे आत कोरडेपणा येतो. त्यात रात्रीची जागरणं. वण मऊ करायची मालिश शिकवता येते, कोरडेपणाला जेली आहे. दीड महिन्याच्या तपासणीला बाळाचं वजन होतं, बाळाची लस होते, आणि आईला टाक्यांचं कुणी विचारत नाही. विचारलं नाही तर आपण सांगायचं. धुरी-शेगडीवर बसल्याने टाके भरत नाहीत, भाजण्याचा धोका मात्र असतो.

खोबरेल तेलाचं थोडं सांगते, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात घाण्याचं तेल असतं आणि भेगांना लावायचं भिरंडेलही, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बाहेरच्या कोरड्या कातडीला खोबरेल लावायला हरकत नाही, त्याने सुकेपणा कमीही वाटेल. पण निरोध वापरत असाल तर तेल अजिबात नको, तेलाने रबर कमजोर होऊन निरोध फाटतो. पाणी हा मूळ घटक असलेली जेली मेडिकलमध्ये मिळते, ती वापरा. आणि तेलाने आवळलेला स्नायू सुटत नाही, संसर्ग बरा होत नाही, वणही जात नाही. तुरटीच्या पाण्याने धुणं, डेटॉल, सुवासिक वॉश, साबण आत घालणं, हे तर पूर्ण बंद करा. तुरटीने आतला ओलावा जातो, बारीक जखमा होतात, आणि मग जास्त दुखतं.

‘पाळी गेल्यावर हा विषय संपवावा.’ कुणाला संपवायचा असेल तर तो तिचा निर्णय. दुखतं म्हणून संपवावा लागणं वेगळं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांनी कमी होतं, पण हा कोरडेपणा आपणहून जात नाही, वाढत जातो. मासळी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी लघवीच्या जळजळीसाठी कितीदा तरी गोळ्या खाल्ल्या होत्या. खरं कारण त्यांनी जाताजाता दारात सांगितलं: ‘बाय गो, ह्या वयात ह्या कोणाक सांगू?’ त्यांना योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली. आधी दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, अशी ती साधारण लावतात. मात्रा अगदी कमी असते, रक्तात फार थोडी उतरते. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाही. मावशींची जळजळही त्यानेच थांबली.

पिशवी काढण्याबद्दल एवढंच: आवळलेला स्नायू, तोंडाशी हुळहुळी झालेली नस, कोरडेपणा, टाक्यांचा वण, यांतलं काहीही पिशवीत नसतं. पिशवी काढून ते जाणार नाही. सोबत बीजकोशही काढले तर पाळी गेल्यानंतरची अवस्था एका दिवसात येते आणि कोरडेपणा वाढतो. काही आजारांत पिशवी काढावी लागते, पण कारण कागदावर लिहून मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता शेवटचा मुद्दा, नवऱ्याला नाही म्हणू नये. आपल्या कोकणात याला एक वेगळी किनार आहे. कितीतरी घरांत नवरा मुंबईला, आणि तो गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात चार-आठ दिवस येतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, माजघरात सासू झोपलेली, बाई पहाटेपासून नैवेद्य, आरत्या, जेवणावळी उरकून दमलेली. तेवढ्यात सगळं व्हायला हवं असतं. बाईचं अंग तयार व्हायला वेळ लागतो. जवळीक, स्पर्श, निवांतपणा मिळाला की ओलावा येतो आणि योनी आतून सैल, लांब होते. हा वेळ न देता केलेला संबंध निरोगी बाईलाही दुखेल. तिला आधीच दुखत असेल तर त्या चार दिवसांत तिचं दुखणं पुढच्या गणपतीपर्यंत पक्कं होतं, आणि तो येणार कळलं की तिच्या पोटात गोळा येतो.

जे पुरुष वाचत असतील त्यांनी हे लक्षात घ्यावं: ती नाही म्हणते तेव्हा बहुतेक वेळा तुम्हाला नाही म्हणत नाही, कळेला म्हणते. थोडे दिवस आत शिरणं बंद ठेवलं तर जवळ येणं बंद होत नाही. उलट तो दबाव गेला की ती निर्धास्त जवळ येते. दवाखान्यात तिच्यासोबत या. आणि ती नको म्हणत असताना जबरदस्ती करणं ही हिंसा आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

दवाखान्यात ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच सांगून परत येऊ नका. बहुतेक जणी तेवढंच सांगतात आणि तेवढ्याचंच औषध घेऊन जातात. सरळ म्हणा: ‘संबंधाच्या वेळी दुखतं. तोंडाशी दुखतं,’ किंवा ‘आत दुखतं. अमुक महिन्यांपासून.’ आग होते की कळ येते, नंतर किती वेळ राहतं, पाळीशी जोड आहे का, हे सांगा. सर्दी-ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा येतो, म्हणून चालू औषधांची पाकिटं सोबत न्या. तपासताना सोबत बाई हवी म्हणायचा, लहान मापाचं उपकरण वापरा म्हणायचा, आणि मध्येच ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. गावातले डॉक्टर घरच्यांच्या ओळखीचे म्हणून लाज वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, रत्नागिरीच्या किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा. ई-संजीवनीवरून घरबसल्याही डॉक्टरांशी बोलता येतं, पण तपासणी फोनवर होत नाही, ती करून घ्यावीच लागते.

काही गोष्टींत मात्र लगेच जायचं. संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर गर्भाशयाच्या तोंडाची, आणि पाळी गेल्यानंतरचं रक्त असेल तर पिशवीच्या अस्तराचीही, तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. तसंही ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करायची असते, आशाताईंना विचारा. पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक जोराची कळ आली, चक्कर आली, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. आणि कुठल्याही डॉक्टरांनी न तपासता ‘होतं असं, सवय होईल’ म्हटलं, तर तो केसपेपर घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.