होम रन न देणाऱ्याची बाजू कोणी घ्यायची?

आज दुपारपासून डोकं तापलंय. जेवणं चालू असताना भाच्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मामा, तुझ्या त्या वॉल्टर जॉन्सनचे आकडे धरायचेच नाहीत. डेड बॉलचा जमाना! तेव्हा होम रन मारायचं कोण?" आणि मंडळी माना डोलावतायत. ताटात आग्रहाचं श्रीखंड पडलेलं असताना भांडता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

क्रिकेटवाल्या मित्रांसाठी थोडक्यात. ही बेसबॉलची गोष्ट. जॉन्सन पिचर, म्हणजे बॉल फेकणारा. होम रन म्हणजे एका फटक्यात बॅटरने चारही बेस पूर्ण करणं, बहुतेकदा बॉल कुंपणाबाहेर मारून. डेड बॉलचा जमाना म्हणजे 1920 च्या आधीचा काळ, जेव्हा बॉल फार लांब जायचा नाही. जॉन्सन 1907 ते 1927 एकाच संघाकडून खेळला, वॉशिंग्टन सेनेटर्स. 5,914 इनिंग पिचिंग केलं, होम रन दिले 97. मॅच नऊ इनिंगची धरा, म्हणजे जवळजवळ सात अख्ख्या मॅच टाकल्यावर एखादा. आणि 1916 साली? 369 इनिंग, वर दोन आउट (तीन आउटची एक इनिंग), होम रन शून्य. अख्ख्या सीझनमध्ये शून्य हो!

मी मेरीलँडला नवीन होतो तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर, नॅशनल्स पार्कला नेलं होतं. तिथे जॉन्सनचा ब्राँझचा पुतळा आहे, फेकीचा वेग दाखवायला एका हाताचे कितीतरी हात केलेले. मी म्हटलं, हा कोण अष्टभुज देव? आजोबा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी गॅरेजमधून एक बॉल काढला, अंगणातल्या ओल्या मातीत घोळला, त्यावर तंबाखूची पिंक टाकली (शी!) आणि पँटला चोळला. मग तिन्हीसांजेला मला पलीकडे उभं करून फेकला. सत्तरी ओलांडलेला माणूस, हलक्या हाताने. मला तो बॉल दिसला तेव्हा छातीशी आला होता. हातमोजा वर जाईपर्यंत खांद्यावर बसलासुद्धा.

भाचा म्हणेल, बघ, म्हणजे माझंच खरं. मॅचभर तोच मळका बॉल चालायचा, मऊ पडायचा, लांब जायचा नाही. बरं बाबा, आहे खरं. जॉन्सनच्या घरच्या मैदानाची, ग्रिफिथ स्टेडियमची डावी बाजूही अफाट होती, कुंपण चारशे फुटांच्या पलीकडे. तेही घे. पण शहाण्या, तोच बॉल बाकीच्यांच्याही हातात होता ना? त्याच 1916 मध्ये यँकीजच्या वॉली पिपने 12 होम रन काढलेच की! शिवाय तेव्हाचे कित्येक होम रन कुंपणाबाहेर जायचेच नाहीत. बॉल लांब कुठेतरी घरंगळत जायचा आणि बॅटर चारही बेस पळून यायचा. तसला पळून काढलेलासुद्धा त्याने वर्षभरात एक दिला नाही. आता बोल.

खांदा दोन दिवस काळानिळा होता. आजोबांनी बर्फ आणून दिला आणि मग रे चॅपमन ह्या बॅटरचं सांगितलं. ऑगस्ट 1920, न्यूयॉर्क. पिचर कार्ल मेजचा बॉल चॅपमनच्या डोक्यात बसला, दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मळका बॉल त्याला दिसलाच नसावा. माझा खांदा ठणकत होता, त्यामुळे पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

जॉन्सनला हीच भीती आयुष्यभर होती, की आपल्या बॉलने कोणीतरी मरेल. टाय कॉब ह्या नामी बॅटरला ते कळलं होतं, म्हणून तो मुद्दाम प्लेटला (बॅटरसमोरच्या पाटाला) खेटून उभा राहायचा. शुद्ध नालायकपणा! समोरचा भला माणूस आहे हे ओळखून त्याचा फायदा घ्यायचा. आपल्यातल्या कोणालाच असलं वागणं चालणार नाही, पण कॉबचे आकडे मात्र कोणी यादीतून काढत नाही.

चॅपमननंतर अंपायर मळलेले बॉल बदलायला लागले. त्याच वर्षी बॅटर बेब रूथने 54 होम रन ठोकले. जॉन्सनच्या 97 मधले बरेचसे ह्या काळातले, तिशी उलटल्यानंतरचे. तरी हा गडी 1924 ला वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या मॅचमध्ये मधूनच पिचिंगला आला आणि बाराव्या इनिंगला संघ जिंकेपर्यंत उभा राहिला.

एक गोष्ट माझ्याही घशाखाली उतरत नाही. त्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना खेळूच देत नव्हते, त्यामुळे देशातले कितीतरी चांगले बॅटर त्याच्यासमोर आलेच नाहीत. असाच बाहेर ठेवलेला कृष्णवर्णीय बॅटर जॉश गिब्सन, त्याचा पुतळाही त्याच नॅशनल्स पार्कमध्ये आहे. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्या काळच्या कुठल्याच आकड्याकडे नाही.

लिहिता लिहिता राग जरा निवलाय. भाचा गुणी आहे, त्याला फक्त न घडलेल्या गोष्टीची किंमत कळत नाही. 1916 मध्ये जॉन्सन 25 मॅच जिंकला आणि 20 हरला. एकही होम रन न देता 20! संघ आठात सातवा. धावा काढायच्या कोणी?

कोणाला वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, पण त्या सीझनमध्ये तीनशेच्या वर इनिंग टाकून शून्य होम रन देणारा दुसरा पिचर आणा. बेब रूथचं नाव आणू नका. तेव्हा तो पिचर होता, रेड सॉक्सकडून डाव्या हाताने 323 इनिंग टाकून त्यानेही त्या वर्षी एकही दिला नव्हता, ते मला ठाऊक आहे.