मामा, उस्ताद आणि एक फीत

आमच्या गावात फौजेत गेलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. काल भरती झालेलं पोरगं असू दे नाहीतर पेन्शन घेऊन शेळ्या राखणारा म्हातारा असू दे, "काय मेजर, कदी आला, किती दिस हाय सुट्टी" हे ठरलेलं. आता यांना कोण सांगणार की बाबांनो, आधी सिपाही, मग बाहीवर एक फीत लागली की लान्स नायक, दोन लागल्या की नायक, तीन म्हणजे हवालदार, पुढं नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, आणि मग लेफ्टनंट, कॅप्टन ही सगळी वेगळीच इमारत चढून गेल्यावर मेजर येतो. एकदा मिरज जंक्शनला आमच्या चुलत्यानं पुलावरून मला, म्हणजे साध्या सिपाह्याला, "ओ मेजर" अशी बोंब ठोकली आणि माझ्या आधी फलाटावर सिव्हिल ड्रेसमधले एक खरेखुरे मेजर साहेब वळले. ते आमच्याच पलटणीचे निघाले. मी तिथंच डबेवाल्याला आडवा जाऊन सावधान उभा, डोक्यावर टोपी नाही त्यामुळं सॅल्यूट मारता येत नाही, हातात शेंगदाण्याची पुडी, आणि चुलता वरून अजून ओरडतोय, "आरं हिकडं बग की मेजर."

पण ते परवडलं. माझं खरं दुखणं घरचंच होतं, सख्खा भाचा.

आक्का माझ्यापेक्षा बावीस-तेवीस वर्षांनी मोठी. तिचं पहिलं पोर अंगणवाडीत जायला लागलं तेव्हा आमच्या आईला माझे डोहाळे लागले होते (आई हे सांगताना अजून पदर तोंडाला लावते). म्हणजे मी मामा आणि तो भाचा, पण भाचा चार वर्षांनी मोठा. लहानपणी मला कडेवर घेऊन हाच फिरायचा आणि दिवाळीला आक्का त्याला खेचून माझ्या पाया पडायला लावायची, "मामा हाय तुजा, पड पाया." मी त्या वेळी नागडा असायचो हा भाग वेगळा. ते पाया पडणं त्यानं मनात धरून ठेवलं असणार असा माझा आपला संशय.

तो भरती झाला, त्याच्यामागून चार-साडेचार वर्षांनी मी झालो, बेळगावचं ट्रेनिंग उरकून पलटणीत हजर झालो, ट्रंक खाली ठेवतोय न ठेवतोय तर समोर भाचा, बाहीवर कडक इस्त्रीची एक फीत. मी आपला भोळेपणानं हसत पुढं, "आरं, कसा हायस?" तर हा माझ्या मागच्या भिंतीकडं बघत म्हणतो, "जवान, सावधान. सीनियर से बात करने का तरीका नहीं सिखाया सेंटर में?" हिंदीत! आमच्या घरात गेल्या सात पिढ्यांत मामाशी कुणी हिंदीत बोललं नसेल.

इथं सिव्हिलच्या लोकांचा एक घोटाळा असतो तो सांगतो. फीतवाल्याला सॅल्यूट नसतो. सॅल्यूट वरच्यांचा. लान्स नायक, नायक, हवालदार यांच्यापुढं सावधान व्हायचं आणि "राम राम उस्ताद" म्हणायचं, बास. ऐकायला सोपं वाटतं पण सॅल्यूट बरा असतो हो, हात वर गेला खाली आला, विषय संपला. उस्ताद हा शब्द मात्र तोंडातून काढावा लागतो, आणि ज्याची शेंबडी शर्ट मी वापरून फाडली त्याला उस्ताद म्हणताना माझी जीभ बरोबर टाळूला चिकटायची. पहिले आठ दिवस मी "राम राम उ..." एवढंच म्हणून खोकायचो. हवालदार मेजरनं (कंपनीची शिस्त बघणारा सीनियर हवालदार) मला खोकल्यासाठी एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, पाठवलं.

नशीब असं की मला त्याच्याच सेक्शनमध्ये टाकलं. दहा जणांचं सेक्शन, कमांडर एक हवालदार आणि त्यांच्याखाली टूआयसी, म्हणजे दोन नंबरचा, हा. सकाळी सुभेदार साहेब यायच्या आधी फॉलिनमध्ये, म्हणजे रांगेत उभं करून, सगळ्यांना तपासायचं काम याचं. एक दिवस माझ्यासमोर येऊन थांबला. नाकाला नाक लागेल इतका जवळ, तोंडाला लंगरच्या (पलटणीच्या स्वयंपाकघराच्या) चहाचा वास. नजर माझ्या गळ्यावर. ओठ न हलवता एकदम बारीक आवाजात म्हणाला, "मामा, बटण." मी पण ओठ न हलवता, "कुठलं?" "वरनं दुसरं." मी हात उचलायला गेलो तर लांबून सुभेदार साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि याचा आवाज एकदम फुटला, "जवान! बटन कौन लगाएगा, तेरा मामा?"

आख्खं सेक्शन सावधानमध्ये उभ्या उभ्या हललं. मला दहा फ्रंट रोल (कोलांटउड्या) मिळाले, हसणाऱ्यांना वीस.

त्या रात्री मी आक्काला फोन लावला, चुगली करायला नाही, आपलं सहज. पाच मिनिटांनी बॅरेकच्या मागनं भाच्याचा आवाज यायला लागला, "नाय आई... आगं तसं नसतं आई... नियम असतो आई... बरं आई." कर्नल साहेबांपुढं सुद्धा मी त्याला एवढं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लंगरच्या लाईनीत माझ्या प्लेटमध्ये दोन पुऱ्या जादा पडल्या, आणि संध्याकाळी ट्रेंच खणायच्या फटीगमध्ये (अंगमेहनतीच्या कामात) माझंच नाव पहिलं. दोन्ही खाती त्यानं चोख सांभाळली, खोटं कशाला बोलू.

तरी आमची भांडणं चालायचीच, फक्त विषय इतिहासाचा घ्यायचा. मी म्हणायचो, फितीचं कवतिक मला सांगू नको, नामदेव जाधव १९४५ साली इटलीत सेनिओ नदीवर गोळ्यांच्या पावसात दोन जखमी गडी उचलून आणणारे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले (तेव्हाचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक), ते कोण होते? सिपाही. एक फीत नव्हती बाहीवर. यावर हा शांतपणे, "आणि यशवंत घाडगे? १९४४, इटलीच, व्हिक्टोरिया क्रॉसच. नायक. दोन फिती." मग दोघंही गप. आमच्या दोघांच्या नावावर त्या वेळेपर्यंत चोरलेली जॅमची एक बाटली सोडून काही पराक्रम नव्हता.

सुट्टी एकत्र मिळाली की मोठी पंचाईत. शेवटी तह केला. गावच्या वेशीपर्यंत तो उस्ताद, वेशीच्या आत मी मामा. म्हणजे कसं, रेल्वेत दोन्ही काळ्या ट्रंका माझ्या डोक्यावर, खालचा बर्थ त्याला, चहा मी आणायचा. सातारा स्टँडपासून वडापमध्ये टपावर ट्रंका मीच चढवायच्या. आणि वेशीतल्या मारुतीपाशी उतरलं की आम्ही दोघं एक मिनिट थांबायचो, गार्ड बदलतात ना तसे. तो माझ्या डोक्यावरच्या ट्रंका स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा आणि मी रिकाम्या हातानं, मिशीवरनं बोट फिरवत पुढं. "काय मेजर" म्हणून पारावरची मंडळी मला पहिली हाक मारायची, मागनं दोन ट्रंका घेऊन येणारा लान्स नायक त्यांना वाटायचा माझा ऑर्डर्ली.

अग्निवीर २०२२ साली सुरू झाले, चार वर्षांची नोकरी, तेव्हा मी फार खूष झालो होतो, म्हटलं आता सिपाह्याच्या खाली पण कुणीतरी आलं. त्यातला पहिला पोरगा मला "उस्ताद" म्हणाला तर मी मागं वळून बघितलं, भाचा आला की काय.

पण सगळ्यात भारी दिवस भाच्याच्या लग्नाचा. पलटणीतून हवालदार मेजर आले होते, पहिल्या रांगेत खुर्ची दिलेली, शेजारी नारळ. आता नवरदेवाच्या पाठीशी कोण उभा राहतो? मामा. त्याला इलाज नाही, ब्रह्मदेव आला तरी पलटणीचं सीनियरिटी रोल तिथं चालत नाही. अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, भाचा पाटावर हातात हार घेऊन ताठ उभा, आणि मी त्याच्या मागं बरोबर एक पाऊल. "शुभमंगल"ला भटजी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात मी त्याच्या कानाशी वाकलो आणि ओठ न हलवता बारीक आवाजात म्हणालो, "जवान, बटण."

त्यानं तिथल्या तिथं टाच जुळवली. हार पडला खाली, हात गेला शेरवानीच्या गळ्याला. सगळी बटणं लागलेलीच होती.