गयालाल अपक्षच होते

‘सगळे पक्ष बरखास्त करा, फक्त अपक्ष निवडून द्या, लोकशाही आपोआप सुधारेल’ असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यामागचा वैताग मला कळतो. युक्तिवाद मात्र टिकत नाहीत.

म्हणे, राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही, म्हणजे घटनाकारांना ते नकोच होते. १९५० च्या मूळ घटनेत उल्लेख नव्हता, हे खरं. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे बाबासाहेबांनी, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं. अखेरच्या दिवसांत रिपब्लिकन पक्षाची आखणी चालूच होती.

म्हणे, अपक्ष फक्त मतदाराला बांधील असतो. ‘आयाराम गयाराम’ ज्यांच्यावरून रूढ झालं, ते हरियाणाचे गयालाल १९६७ मध्ये हसनपूरमधून निवडून आले ते अपक्ष म्हणूनच! नंतर पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली. बहुमताला दोन-चार डोकी कमी पडली की अपक्षाच्या दारात गाड्या लागतात. त्याचा विवेक काय बोलला, ते मंत्र्यांच्या यादीत वाचायचं.

पक्ष गेले की गटबाजी जाईल? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसतं, पॅनेल असतंच. निकाल लागला की ‘आमचेच सरपंच जास्त’ म्हणायला सगळे पक्ष हजर. नेपाळमध्ये तर राजे महेंद्रांनी १९६० मध्ये निवडून आलेलं सरकार घालवून पक्षांवर बंदी आणली. पक्षविरहित पंचायत व्यवस्था १९९० पर्यंत चालली. सत्ता राजवाड्यातच राहिली.

जयप्रकाश नारायणांचा दाखलाही दिलाय. पक्षविरहित लोकशाही त्यांनी मांडली होतीच. पण १९७७ मध्ये इंदिरा गांधींना हरवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी विरोधकांची मोट बांधून जनता पक्षच उभा करवला.

एक दुखणं मात्र खरं आहे, आणि नेमकं त्यावर मजकूर घाईत पुढे जातो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते, मग विधेयक कुठलंही असो. व्हिपची सक्ती सरकारच्या विश्वासमतापुरती ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं. आणि व्हिप काढणाऱ्या पक्षाच्या आत काय? नोंदणीसाठी लोकशाहीवरच्या निष्ठेचं कलम पक्षाच्या घटनेत लिहावं लागतं. ते पाळलं नाही म्हणून नोंदणी रद्द करायचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलंय.

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत पक्षांचे सभासदही दिसतात. तुमच्या मतदारसंघातला उमेदवार तुमच्या मतानं शेवटचा कधी ठरला होता?