शंभर डोकी

ग्रामपंचायतीच्या बरोब्बर समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधे बारा फुटांचा रस्ता आणि रस्त्याच्या माझ्या बाजूला नाली. नालीवरचा ढापा तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॅक्टरनं मोडला. तेव्हापासून तो अर्धा आत, अर्धा बाहेर असा पडून आहे, दारू पिऊन पडल्यासारखा. पावसाळ्यात गिऱ्हाईक पलीकडूनच ओरडतं, "दोन परती काढा!" आणि कागद दगडाला गुंडाळून फेकतं. एका आजोबांचा सातबारा असाच नालीत गेला. 'मपली एक एकर वाहून गेली' असं ते महिनाभर गावात सांगत होते. शेवटी एकानं त्यांना अतिवृष्टीच्या अनुदानाचा अर्ज आणून दिला.

मी रीतसर अर्ज केला. पंचायतीत आवक क्रमांक मिळाला, पोच मिळाली, पोचेची झेरॉक्स मीच काढली. ग्रामसेवकांचं सरकारी पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आमच्याकडं ते पहिल्यापासून भाऊसाहेब. ते म्हणाले, "ग्रामसभेत मांडा. ठराव झाला की आराखड्यात घेतो."

मला वाटलं, झालं काम.

पुढचं समजायला थोडा कायदा सांगावा लागेल. कंटाळा करू नका, मीही केला नव्हता. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्या गावात मतदार ४,२००. त्याचे १५ टक्के ६३० होतात. एवढी माणसं आमच्याकडं फक्त सप्त्याच्या पंगतीला जमतात. म्हणून १००. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही, पाच जण बसले तरी चालतात. फक्त तिथं नवा विषय घेता येत नाही, मूळ विषयपत्रिकेवरचेच घ्यायचे.

विषयपत्रिकेवर सगळे विषय वरून आलेले. माझी नाली शेवटच्या 'अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय' या ओळीत. म्हणजे पहिल्या सभेत नाली मांडता येते, पण ती सभा होत नाही. दुसरी सभा होते, पण तिच्यात नाली मांडता येत नाही. हे कोडं मी तीन वर्षं सोडवतोय.

ग्रामसभेच्या तारखाही कुणी कापूस वेचून, खळं करून बघितलेलं नसावं अशा ठरल्यात. २६ जानेवारीला तुरीचं खळं. १ मेला एवढं ऊन की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. २ ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, त्या दिवशी मजूर मिळाला तर माणूस स्वतःचं लग्नही पुढं ढकलेल. राहता राहिला १५ ऑगस्ट, तर तेव्हा फवारणी. आमच्या मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन असतं, १९४८ साली आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो म्हणून. त्या दिवशी गर्दी चांगली असते. ग्रामसभा नसते ना.

मागच्या काळात हा त्रास नव्हता. शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन गावभर फिरायचा. सलूनमध्ये वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस तशीच मान ठेवून हात लांब करायचा, सही करायचा आणि सभेला हजर व्हायचा. दीडशे-दीडशे डोकी भरायची. नेमका माझा ढापा मोडला आणि सरपंच बदलल्या. या बाई बी.ए. झालेल्या आणि, दुर्दैव माझं, कायद्याचं पुस्तक वाचलेल्या. निवडून आल्यावर त्यांच्या मालकांना वाटलं, खुर्चीवर आता आपणच. बाईंनी त्यांना सभेच्या दिवशी पाण्याचे जार आणायचं काम दिलं. 'साधारण शंभर' हा शब्द पंचायतीतून गेला तो तेव्हापासून. बाई म्हणतात, "मोजा."

तेव्हा या १५ ऑगस्टला शंभर डोकी मीच जमवायची, असं मी ठरवलं.

आधी तोंडी सांगून पाहिलं. चहाच्या हॉटेलात एक जण म्हणाला, "घरकुलाच्या यादीत नाव आलंय, आता कामून येऊ?" शेजारचा म्हणाला, "माझं नाव नाही आलं. आलो तर भांडण व्हतंय." तिसऱ्यानं विचारलं, "खायला काय हाय?" शाळेत झेंडावंदनाला जिलेबी असते, पंचायतीत नुसतं पाणी, तेही सरपंचबाईंच्या मालकांनी आणलेलं. त्याचा प्रश्न योग्यच होता.

मग मी दुकानावर पाटी लावली: 'ग्रामसभेस येणाऱ्यास आधार कार्डाची झेरॉक्स मोफत.'

बायकोनं पाटी वाचली. म्हणाली, "ढापा घरच्या पैशानं टाकला तर किती लागत्याल?"

"हजारभर."

"अन् कागदाला, शाईला?"

मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वावर पाय ठिवून गिऱ्हाईक अलीकडं येणार हाय का?" असं म्हणून ती आत गेली. या घरात ऐनवेळचे विषय तिच्या परवानगीनं येतात.

१५ ऑगस्टला दहाची सभा. साडेनऊलाच माणसं यायला लागली आणि माझा ऊर भरून आला. दहा वाजता बाहेर डोकावलो तर माणसंच माणसं! पण सगळी माझ्याच दारात. रात्री पाऊस झालेला, तरी ढाप्याच्या मोडक्या अंगावरून एकेक पाय टाकत आलेली. रांग नालीच्या काठाकाठानं पार मारुतीच्या पारापर्यंत. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कुटुंबाचा सगळा दप्तरखाना. "आधार फुकट हाय तर पासबुकाची बी काढा की." "ह्ये सुनंचं, ह्ये लेकराचं." एका मावशींनी तर मुंबईला असलेल्या जावयाचं आधारही आणलं होतं. मी म्हणालो, "जावई सभेला आलेत का?" त्या म्हणाल्या, "फोन लावून देऊ का?"

मशीन तापलं. कागद अडकला. तेवढ्यात पलीकडून माईकवर सरपंचबाईंचा आवाज: "मोजा."

शिपायानं मंडपातली डोकी मोजली. एकसष्ट.

मी दुकानातून ओरडलो, "बाई, हे पण सभेचेच आहेत!"

बाई माईकवर म्हणाल्या, "मंडपात या म्हणावं. अर्धा तास वाट बघते." एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला, खोटं कशाला बोलू.

मी झाकण खाली टाकलं आणि रांगेला म्हणालो, चला, आधी सभा, मग झेरॉक्स. पहिला नंबर असलेला हलेना. "तिकडं गेलो अन् इकडं मशीन बंद पडली म्हंजे?" तीन वर्षं पंचायतीशी व्यवहार केलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचं उत्तर सुचलं नाही. ज्यांची झेरॉक्स झाली होती ते केव्हाच घरी पोचले होते. उरलेल्यांना मी अक्षरशः हाताला धरून नालीपलीकडं लावायला सुरुवात केली. आणि इथं माझ्या ध्यानात आलं की ढाप्यावरून एका वेळी एकच माणूस जातो. येताना एकेकटे आले होते, आता सगळ्यांना एकदमच जायचं होतं. एक मावशी अधेमधेच थांबल्या, चप्पल हातात घेतली, नातवाला हाक मारली, परत पायात घातली. मागे सगळी गणपूर्ती खोळंबलेली.

साडेदहाला शिपायानं परत मोजलं. अठ्ठ्याण्णव. मी धरून नव्व्याण्णव.

अलीकडं एकच माणूस उरला होता, सातबारावाले आजोबा. मी हात पुढं केला. "या आबा, धरा."

आबांनी नालीत एकदा नीट निरखून बघितलं. "मपली एक एकर हितंच गेलीय," म्हणाले. "म्या न्हाई वलांडत."

"आबा, तुमच्यासारख्यांसाठीच तर नाली करायची आहे!"

"मंग करा. झाली की येतो."

पलीकडं बाईंनी घड्याळ बघितलं.

संध्याकाळी परत पाऊस लागला. पंचायतीच्या पायरीवरून शिपायानं आवाज दिला, "सभेचं प्रोसिडिंग हाय! तीन परती काढा!" आणि दगडाला गुंडाळलेला कागद भिरकावला. मी झेलला. वरच लिहिलं होतं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे.' परती काढून, त्याच दगडाला गुंडाळून मी परत फेकल्या.

"किती झालं?" तो ओरडला.

"सहा रुपये!"

"पंचायतीच्या नावावर मांडून ठिवा!"