‘ब्रिजवर टाका, नेट दुप्पट’: या मेसेजचा खरेखोटेपणा

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा आहे: ‘फायबरचा डबा राउटर मोडवर असेल तर अर्धा स्पीड वाया जातो. ब्रिज करा. स्पीड दुप्पट होईल, पब्लिक आयपी मिळेल, शेतावरचे कॅमेरे कुठूनही दिसतील आणि नेट सुरक्षित राहील.’ यावर विसंबून लोक चालू नेट बंद पाडून घेतात, म्हणून एकेक दावा तपासू. (डबा म्हणजे फायबरची तार जिथे येते तो कंपनीचा मोडेम, पब्लिक आयपी म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता.)

स्पीड दुप्पट. नाही होत. ब्रिज मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) पाहून एकाच नेटवर्कमध्ये डेटा पुढे देतो. राउटर आयपी पत्ता पाहून एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवतो. घरचा राउटर ही दोन्ही कामं एकाच वेळी करतो: वाय-फाय आणि लॅन (घरातल्या नेटवर्कचे) पोर्ट आपसांत ब्रिज, वॅनकडे (इंटरनेटच्या बाजूला) राउटिंग. डबा ब्रिज केला की राउटिंग संपत नाही, ते फक्त पुढच्या राउटरवर जातं. त्याला लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या आत असतो, आणि प्लॅनची मर्यादा तर इंटरनेट कंपनीकडेच ठरते.

स्पीड खरोखर अडतो तो दुसरीकडे. 300 एमबीपीएसचा प्लॅन आणि टेस्टमध्ये 94 दिसत असेल, तर मध्ये कुठेतरी 100 चा पोर्ट आहे किंवा केबलच्या आठपैकी एखादी तार टोकाच्या पिनेत नीट क्रिम्प झालेली (दाबून बसलेली) नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात. एकाच रेडिओचा वाय-फाय रिपीटर असेल तर स्पीड अर्धा होतो, हे मात्र खरं. त्याचा उपाय केबल.

पब्लिक आयपी. तो कंपनी देते, मोड देत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. तो 100.64 ते 100.127 ने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे (एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) आहात. अशा वेळी ब्रिज करा की पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी घरातल्या एका उपकरणाकडे वळवणं) करा, आयपीव्ही4 (नेहमीचा चार आकडी आयपी) वरून कॅमेरा थेट उघडणार नाही. स्टॅटिक आयपी मागा किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड अॅप वापरा.

सुरक्षित. हा दावा तर धोक्याचा आहे. ब्रिज केल्यावर डब्याचं नॅट आणि फायरवॉल मधून निघून जातात. पुढे स्वतःचा राउटर न लावता लॅपटॉप थेट जोडला, तर पब्लिक आयपी असल्यास तो उघड्यावर येतो. 2016 मधल्या मिराई मालवेअरने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआरच ताब्यात घेतले होते.

मग ब्रिज कधी करावा? चांगला राउटर घेतलाय, दोनदा नॅट होऊन पोर्ट फॉरवर्ड किंवा व्हीपीएन अडतंय, तेव्हा. आधी कंपनीकडून पीपीपीओई (कंपनीच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (लाइनवरचं इंटरनेट वेगळं ओळखायचा क्रमांक) घ्या, जुन्या सेटिंगचे फोटो काढा. डब्यात फक्त इंटरनेटची नोंद ब्रिज करा. लँडलाइनची नोंद बहुधा वेगळी असते, ती पुसली की फोन मुका. डब्याचं वाय-फाय बंद करा. राउटरच्या वॅनला पीपीपीओई निवडा, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1492 ठेवा. पॉन दिवा (डब्यावरचा फायबर लाइनचा) हिरवा आहे पण डायल होत नाही, तर बहुतेक व्हीलॅन आयडी चुकला आहे किंवा डबा अजून त्याच युजरनेमने लॉगिन आहे. आणि आता लाइट गेली की दोन्ही डब्यांना बॅकअप लागतो, एकट्या राउटरला मिनी यूपीएस लावून भागत नाही.

नुसतं मागच्या खोलीत वाय-फाय हवं असेल तर यातलं काहीच नको. दुसऱ्या राउटरचा लॅन आयपी 192.168.1.2 करा (पहिला 192.168.1.1 असेल तर, 2 हा आकडा डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीच्या, रेंजबाहेर ठेवा), त्याचा डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅनमध्ये नाही, लॅनमध्ये लावा. एकच केबल. दोन लावल्या तर लूप होऊन अख्खं घर ठप्प.

ब्रिज मोड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात: घरावर एक, विहिरीवर एक अशी 5 गिगाहर्ट्झची अँटेना जोडी. दोन्ही ब्रिजवर ठेवा, म्हणजे विहिरीवरचा कॅमेरा घरच्याच नेटवर्कचा आयपी घेतो. अँटेनाचा पाइप मात्र केळीच्या शेंड्यांपेक्षा चांगला उंच हवा. पाण्याने भरलेली पानं हा सिग्नल शोषून घेतात, म्हणून लागवडीच्या वेळी पक्की चालणारी लिंक बाग वाढल्यावर तुटायला लागते.