पुढच्या माणसाच्या टाचा

माझ्या भाच्याला आकडे लपवायची कला उपजतच येते. शाळेत असताना तो मार्क लपवायचा, आता पायऱ्या लपवतो.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर वेर्फेन नावाचं गाव आहे. त्याच्या डोक्यावरच्या डोंगरात बर्फाची गुहा आहे, ती बघायला जाऊ, असं त्याने जाहीर केलं तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. "चालावं लागतं का रे?"

"केबल कार आहे, मावशी."

हे खोटं नव्हतं. केबल कार आहे, 1955 पासून आहे. फक्त ती गुहेपर्यंत जात नाही, आणि तिच्यापर्यंतही आपल्यालाच जावं लागतं, एवढं सांगायचं त्याने शिताफीने टाळलं.

तिकिटाच्या खिडकीपासून केबल कारपर्यंत 20 मिनिटांची चढण, असं लिहिलं होतं. ती 20 मिनिटं कोणाची, ते लिहिलं नव्हतं. माझी तरी नव्हती. काठ्या टेकत टेकत येणारे सत्तरीचे आजी-आजोबा मला "ग्रूस गॉट" करत पुढे गेले. या अभिवादनाला तसंच उत्तर द्यायची तिथे रीत आहे, पण तेवढा श्वास माझ्याकडे शिल्लक नव्हता. मी नुसती मान हलवली.

केबल कार मात्र नावाजण्यासारखी. दीड तासाची चढण तीन मिनिटांत. त्या तीन मिनिटांत मी भाच्याला सगळं माफ केलं. वर उतरल्यावर समोर आणखी 20 मिनिटांची चढण होती, तेव्हा माफी परत घेतली. ही गुहा पर्यटकांसाठी 1920 साली खुली झाली. म्हणजे केबल कार येण्याआधीची 35 वर्षं लोक हे सगळं अंतर पायी कापून आत शिरत होते. अशा लोकांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्याबरोबर सहलीला जायची माझी तयारी नाही.

गुहेचं तोंड 1,641 मीटर उंचीवर आहे. तिथे पोचेपर्यंत जुलैच्या उन्हात मी घामाने निथळत होते, आणि पोचताच सगळ्यांनी पिशव्यांतून स्वेटर, टोप्या, हातमोजे काढायला सुरुवात केली. आत तापमान शून्याच्या आसपास. ओल्या अंगावर लोकरीचा स्वेटर चढवणं ही काय शिक्षा आहे, ते चढवणाऱ्यालाच कळतं. भाच्याने स्वतःसाठी हातमोजे आणले होते. माझ्यासाठीही आणले होते, पण ते खाली गाडीत होते.

गुहेचं नाव आइसरीझनवेल्ट, म्हणजे हिमराक्षसांचं जग. जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा. लांबी 42 किलोमीटर. हा आकडा ऐकून माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, कारण भाचा घाईघाईने म्हणाला, "मावशी, बर्फ पहिल्या किलोमीटरभरातच आहे. टूर तेवढीच आहे."

"आणि पायऱ्या?"

"आहेत थोड्या."

"थोड्या म्हणजे?"

"सातशे." मग जरा थांबून, "वर. तेवढ्याच खाली."

फार पूर्वी या भागातले लोक या गुहेला नरकाचं दार समजायचे आणि तिच्या वाटेला जायचे नाहीत. मला त्यात एकच गोष्ट खटकली. नरकात उतरायचं असतं ना? इतकं चढून जायचं असेल तर पापी माणसं मध्येच पश्चात्ताप करून परत फिरतील.

परत फिरलेला एक माणूस या गुहेच्या इतिहासात आहे, आणि माझं सगळ्यात जास्त त्याच्याशी जमलं असतं. आंटोन पोसेल्ट, साल्झबुर्गचा. 1879 साली तो आत शिरला, 200 मीटरपर्यंत गेला, समोर बर्फाची उभी भिंत दिसली आणि तो परत आला. आलेल्या वाटेने, आपल्या पायांनी, शहाण्या माणसासारखा. पण जगात शहाणी माणसं थोडी. 1912 मध्ये आलेक्झांडर फोन म्योर्क नावाचा तरुण सोबत्यांना घेऊन आला आणि ती भिंत ओलांडून पलीकडे गेला. आज आपण ज्या सातशे पायऱ्या चढतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

आमची गाइड पंचविशीची मुलगी. ती आधी जर्मनमध्ये सांगायची, मग इंग्रजीत. जर्मन पाच मिनिटं चालायचं, इंग्रजी दोन वाक्यांत उरकायचं. त्यामुळे तिच्या प्रत्येक विनोदावर तीन वेळा हसू यायचं. पहिलं जर्मन मंडळींचं, दुसरं इंग्रजीवाल्यांचं, आणि तिसरं माझं एकटीचं, भाच्याने कानात सांगितल्यावर. त्याला कामापुरतं जर्मन येतं. तिसऱ्या हसण्याच्या वेळी बाकी सगळे गप्प असत आणि गुहेत आवाज छान घुमतो.

तिने नियम सांगितले. आत फोटो काढायचे नाहीत. आत विजेचे दिवे नाहीत. मग काही जणांच्या हातात कार्बाइडचे दिवे दिले. वरच्या भागातून पाणी थेंबथेंब खालच्या कार्बाइडवर पडतं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तोच जळतो. लसणासारखा उग्र वास येतो. "मावशीला द्या," भाचा म्हणाला. कौतुकाने म्हणाला असावा. पण दिवा घेतला की मागच्या चार माणसांच्या पायांची जबाबदारी आपल्यावर येते, हे मला हातात दिवा आल्यावर कळलं.

मग तिने दार उघडलं.

त्या दाराबद्दल मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. दार उघडताच आतून जो वारा आला, त्याने मी अक्षरशः एक पाऊल मागे गेले. माझ्याकडे हात दोन आणि सांभाळायच्या गोष्टी तीन: टोपी, दिवा आणि तोल. मी टोपी आणि तोल निवडला. दिवा विझला.

आत गेल्यावर दार बंद झालं, वारा गपकन थांबला आणि गाइडने न बोलता माझा दिवा पेटवून दिला. वाऱ्याचं कारणही सांगितलं. डोंगरात वरपर्यंत भेगा आहेत, धुराड्यासारख्या. हिवाळ्यात गुहेतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते, ती वर चढून निघून जाते आणि खालच्या तोंडातून थंडगार हवा आत ओढली जाते. त्या हवेने तोंडाजवळचा खडक गोठणबिंदूच्या खाली जातो. वसंतात वरचं बर्फ वितळून पाणी भेगांतून झिरपतं आणि त्या गार खडकाशी आल्यावर पुन्हा गोठतं. उन्हाळ्यात हवेची दिशा उलटी. आतली गार हवा जड, ती खाली उतरते आणि दारातून बाहेर धावते. म्हणजे डोंगर वर्षभरात एकदा श्वास घेतो आणि एकदा सोडतो. हे सगळं तिने जर्मनमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत, आणि तेवढ्या वेळात मी साधारण दोनशे वेळा श्वास घेतला आणि सोडला.

चढण सुरू झाली.

आता खरं सांगते. जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा मी पाहिली, पण तिच्यातलं मी सगळ्यात जास्त काय पाहिलं, तर पुढच्या माणसाच्या टाचा. अंधारात, ओल्या पायऱ्यांवर, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताने गारढोण कठडा धरलेल्या बाईने मान वर करायची नसते. खालीच बघायचं असतं. आणि खाली, माझ्या नाकासमोर दोन पायऱ्यांवर, एक जोडी तपकिरी बूट आणि त्यांच्यावर दुमडलेले लाल लोकरी मोजे होते. डाव्या मोज्याला टाचेच्या वर करड्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. रफू सुरेख होतं, टाके अगदी समान. बूट उजवीकडून जास्त झिजलेले. माणूस चालताना डावा पाय किंचित फेकत असावा. पोलिसांनी विचारलं असतं तर मी त्या टाचा हजारांत ओळखल्या असत्या. टाचांच्या वर माणूस कसा होता, ते विचारू नका.

पायऱ्या मी मोजत होते. एकशे बारापर्यंत आले आणि मागून भाचा म्हणाला, "मावशी, बरी आहेस ना?" हिशेब मोडला.

त्या लाल मोज्यांमध्ये एक गुण होता. ते थांबायचे. तीस-चाळीस पायऱ्या झाल्या की मोजे थांबायचे, एका बाजूला वळायचे, आणि वरून "आह्" असा दाद दिल्यासारखा आवाज यायचा. काय रसिक माणूस, मला वाटायचं. बर्फाचा एक सुळका सोडत नाही. तो रसिकपणे बर्फ बघायचा आणि मी त्याच्या आडोशाला कठड्यावर ओणवून धापा टाकायचे. माझ्या मागे भाचा, त्याच्या मागे अख्खी रांग, पण दोष सगळा रसिकतेचा.

अशा एका थांब्यावर माझा दिवा कठड्यापलीकडच्या बर्फाच्या अगदी जवळ आला. हातभर अंतरावर. लांबून जे पांढरं दिसतं ते जवळून पांढरं नव्हतंच. काच होती, आणि काचेत खोलवर बारीक बुडबुडे, मोहरीएवढे, एका रेषेत अडकलेले. त्याच्या खाली करड्या-निळ्या थरांच्या रेघा, जुन्या वह्यांचा गठ्ठा बाजूने दिसावा तशा. दिव्याची ज्योत हलली की पिवळा उजेड त्या रेघांमधून आत आत जायचा आणि कुठेतरी संपायचा. मी बोट लावणार होते, पण पुढचे मोजे निघाले.

गाइड अधूनमधून मॅग्नेशियमची पट्टी पेटवते. फर्रकन पांढरा उजेड होतो आणि इतका वेळ अंधारात असलेली जागा एकदम केवढी तरी मोठी निघते. आपण एखाद्या खोलीत आहोत असं धरून चाललेलो असतो, आणि ते देवळाच्या सभामंडपाच्या कित्येक पट असतं. जागांची नावं नॉर्स पुराणातली. हिमिर राक्षसाचा किल्ला, ओडिन देवाच्या बायकोचा, म्हणजे फ्रिगाचा, झिरझिरीत पदर. आता बर्फात कोणाला काय दिसावं याचा नियम नसतो, पण गाइडने एकदा पदर म्हटलं की सगळ्या माना "हो हो, पदर" अशा हलतात. मलाही पदरच दिसला. पट्टी विझली आणि पांढऱ्या धुरात पुन्हा लाल मोजे.

एका मोठ्या दालनात मात्र कोणी मान हलवली नाही. म्योर्कचं नाव त्या दालनाला दिलं आहे. 1912 मध्ये भिंत ओलांडून गेलेला तो तरुण दोनच वर्षांनी, 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या अस्थींचा कलश इथेच, खडकातल्या कोनाड्यात ठेवला आहे. तिथे उभं असताना मला धापा टाकायचीही लाज वाटली. मी नाकाने हळूहळू श्वास घेतला.

मग उतरण. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे. दोन्ही खाती वेगळी आहेत आणि एका दिवसात दोन्ही रिकामी करायची सोय फार थोड्या ठिकाणी असेल. मोजे उतरतानाही थांबत होते. उतरताना बर्फाकडे बघायला पुन्हा काय उरलं होतं, हे मला कळेना, पण मी त्यांना दुवा दिला.

दारात दिवा पुन्हा विझला. आता कोणाला पर्वा.

सव्वा तासाने बाहेर आलो आणि गरम हवा अंगावर भिंतीसारखी आदळली. चष्म्यावर वाफ धरली, मला काही दिसेना. चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला तर समोर लाल मोजे. मी प्रथमच त्यांच्या वर बघितलं. साठीच्या पुढचे, लालबुंद चेहऱ्याचे, मिशीवाले गृहस्थ. त्यांची बायको गाइडशी बोलत पुढे उभी होती, अगदी ताजीतवानी, जणू पायऱ्या चढून आलीच नव्हती. तिच्याकडे एकदा चोरून बघून त्यांनी माझा हात धरून हलवला आणि हळू आवाजात जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. मी भाच्याकडे बघितलं. तो हसू दाबत होता.

"ते तुझे आभार मानतायत."

"माझे? कशाबद्दल?"

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बायको थांबू देत नाही. तू मागे इतक्या जोरात धापा टाकत होतीस, की प्रत्येक वेळी त्यांना बायकोला सांगता आलं, मागच्या बाईंना त्रास होतोय, जरा थांबू या."

"आणि ते आह् आह्?"

भाच्याने विचारलं. गृहस्थांनी उत्तर देण्याऐवजी डावा गुडघा चोळून दाखवला.

केबल कारपर्यंतची उतरण एकत्रच सुरू झाली. वाट अरुंद. त्यांची बायको सगळ्यांत पुढे, मग मी, माझ्या मागे ते. खाली दरीत साल्झाख नदी आणि टेकडीवरचा होहेनवेर्फेनचा किल्ला दिसत होता. येताना मी तो चार वेळा पाहिला होता आणि मला पुरेसा होता. पण मागे बूट जरा जड पडायला लागले, तशी मी थांबले, कठड्याला टेकले आणि किल्ल्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "आह्!"